कारणाचा रकाना

कांदा चिरण्यासाठी सही करावी लागेल असं कुणी आधी सांगितलं असतं, तर मी चिपळूणच्या दवाखान्यातच गुमान एक्स-रे काढत बसलो असतो. पण एजंटानं कुवेतमधला पगार सांगितला, उन्हाळा सांगितला, रिग्गईतल्या एका फ्लॅटमध्ये खाट मिळेल हेही सांगितलं. त्या फ्लॅटमध्ये हवालदार राहतात, एवढं मात्र त्यानं सांगितलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरात सुरी शोधत होतो. चमचे होते, झारे होते, लोणी फासायची एक बोथट सुरी होती. तिनं कांद्याला फार तर वाईट वाटलं असतं. मागून आवाज आला, "कारण?" वळून बघितलं तर सदरा-लुंगीतला एक किडकिडीत म्हातारा, पांढरी दाढी, डाव्या पायानं किंचित लंगडत पुढे आला. सदर सुरी मला कशासाठी पाहिजे, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. मी कांदा म्हणालो. किती? मी दोन म्हणालो. त्यानं कनवटीची चावी काढली, ओट्याखालची पत्र्याची पेटी उघडली आणि सुरीच्या आधी माझ्या हातात एक लांबोडकी वही ठेवली. तारीख, नाव, हत्यार, कारण, परत दिल्याची वेळ, सही. वरच्या ओळींत कोबी होता, बटाटे होते, पार्सलची दोरी होती. एका ठिकाणी कुणीतरी कारणात 'सहज' लिहिलं होतं. त्यावर लाल शाईनं काट मारून शेजारी सुवाच्य अक्षरात शेरा होता : सहज हे कारण नाही.

तो शेरा लातूरच्या आमच्या नर्सभाऊंसाठी होता. ते माझ्याच हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला होते आणि या वहीवर त्यांचा फार राग होता. दिवसभर लोकांना टाके घालणाऱ्या माणसाला घरी सुरीसाठी अर्ज करावा लागतो, हे त्यांना सहन होत नसे. "आवो चाचा, कांदाच चिरायलो की, माणूस नाही," असं ते एकदा वैतागून म्हणाले.

"दोन्हीला सुरी तीच लागते," हवालदार म्हणाले आणि वही पुढे केली.

हवालदार हे त्यांचं आम्ही पाडलेलं नाव. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की ते स्वतः कुवेतमध्ये असत आणि त्यांची बंदूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात. खाडीकाठचं गाव, कोकणी मुसलमान कुटुंब. घरी फोनवर कोकणी बोलत, आमच्याशी मात्र सातवीपर्यंत शिकलेलं शाळेतलं मराठी, आणि त्यावर तहसील कचेरीच्या खेपा घालून चढलेली कलाकुसर. चहा सांडला तर 'सदर चहा कोणी सांडला' असं विचारत. माझ्या आधी या फ्लॅटमध्ये दोघांचं एसीच्या रिमोटवरून भांडण झालं होतं आणि त्यातल्या एकानं सुरी उचलली होती. लागलं कुणालाच नाही. पण दुसऱ्या दिवशी पत्र्याची पेटी आली आणि तिसऱ्या दिवशी वही.

एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. त्यांनी सुरीवर बंदी कधी घातली नाही. सुरी पाहिजेच, असं त्यांचं ठाम मत होतं. सुरीशिवाय माणूस मासे खाऊ शकत नाही आणि माशांशिवाय जगण्यात काही अर्थ नाही. फक्त सुरी या क्षणी कुठे आहे हे एका माणसाला माहीत पाहिजे, आणि तो माणूस त्या वेळी रागावलेला नसला पाहिजे. शुक्रवारी ते स्वतः झुबैदी आणत, म्हणजे आपलं पापलेटच. घरात दुसरं कुणी नसलं तरी वहीत स्वतःच्या नावानं कोयतीची नोंद करत आणि घेणाऱ्याची एक, देणाऱ्याची एक अशा दोन सह्या करत. घेणाऱ्याची सही करताना ते जरा नरमाईनं वागत, असं लातूरकर सांगत.

मासे साफ करता करता बंदुकीची गोष्ट निघे. वडिलांच्या वेळची एकनळी. परवान्यावर कारण छापलेलं : शेतीचं संरक्षण. त्यांच्या भाताच्या खाचरात आणि कणगीच्या कंदांच्या मळ्यात रानडुकरं उतरत आणि एका रात्रीत सगळं नांगरून ठेवत. डुकराला समजावून सांगता येत नाही, म्हणून सरकारनं बंदूक दिली आहे, इतकी साधी त्यांची मांडणी होती. पण निवडणूक लागली की परवानाधारकानं बंदूक ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, आणि परवानाधारक परदेशात असला तरीही बंदूक ठाण्यातच. हवालदार कुवेतला आले तेव्हा ती जमा झाली. रजेवर गेले की परत घ्यायला जात, तर तिथे आचारसंहिता लागलेली. एका रजेत ग्रामपंचायत, एका रजेत जिल्हा परिषद, मग विधानसभा, मग लोकसभा. लागोपाठ चार रजा आचारसंहितेत गेल्या. ते तरीही न चुकता ठाण्यात जात, बंदूक बघायला मागत, तिला तेलाचा बोळा फिरवत आणि परत देऊन नवी पावती घेऊन येत. आम्ही विचारलं, की डुकरांना आचारसंहिता लागू असते का. ते म्हणाले, नसते, त्या काळात ती जरा जास्तच येतात.

टीव्हीवर कधी अमेरिकेतल्या गोळीबाराची बातमी लागली की फ्लॅटमध्ये हमखास वाद होई. लातूरकर म्हणत, जगातल्या सगळ्या बंदुका समुद्रात टाका. हवालदार त्यांना विचारत, तुमच्या शेतात काय येतं. हरणं येतात, लातूरकर म्हणाले. मग तुमचं मत हरणांनी पीक खाल्ल्यावर सांगा, असं त्यांना उत्तर मिळालं. जलीब वस्तीतून कधीमधी जेवायला येणारा एक जण मोबाइलवर तिकडचे व्हिडिओ बघून तयार झाला होता. बंदूक बाळगणं हा माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, असं तो म्हणे. त्याला हवालदारांनी तुझ्या जन्माच्या दाखल्यावर तिचा नंबर आहे का, एवढंच विचारलं. दोघंही त्यांच्यावर रागावत, आणि दोघांनाही ते तितक्याच शांतपणे ताटलीत मासा वाढत. मला तेव्हा वाटे, हा माणूस नुसता कागदाचा किडा आहे. बंदूक ठाण्यात सडली तरी चालेल, पावती पाहिजे.

मग ते न्हाणीघरात घसरले. खुबा दुखावला म्हणून मी त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि त्यांचा एक्स-रे मीच काढला. हाड शाबूत होतं. पण हाडाच्या भोवती, मांडीत आणि कुल्ल्यात, मोहरीच्या दाण्यांएवढे पांढरेशुभ्र ठिपके विखुरलेले होते. मी मोजले, अकरा. रोज कॅज्युअल्टीचे एक्स-रे काढत असल्यामुळे छर्रे ओळखायला मला वेळ लागला नाही. मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"तेवढे माझ्याकडे जमा आहेत," ते म्हणाले.

टेबलावर आडवं पडूनच त्यांनी बाकीचं सांगितलं, तेही तक्रार नोंदवावी तसं सरळ. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा दिवस होता. वरात दारात आलेली. धाकट्या भावाला फार आनंद झाला. त्यानं खुंटीवरची बंदूक काढली. आदल्या रात्री राखणीवरून आल्यावर ती भरलेलीच टांगून ठेवली होती, आणि ती टांगली होती खुद्द नवऱ्या मुलानं. भावाला आकाशात बार काढायचा होता. कुणाचा तरी धक्का लागला आणि नळी खाली आली. नवऱ्यामुलाला खाटेवर घालून होडीनं पलीकडे नेलं. भाऊ त्याच संध्याकाळी मुंबईला पळाला आणि पुढे कैक वर्षं तोंड दाखवायला आला नाही. त्यानं रागानं काही केलं नव्हतं, हे हवालदारांनी दोनदा सांगितलं. रागावलेल्या माणसाला लोक तरी अडवतात, आनंदात असलेल्याला कुणी अडवत नाही.

मग बंदूक विकली का नाही, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे मूर्खाकडे बघावं तसं बघितलं. डुकरं तर होतीच की. "बंदूक भीतीच्या कामाची वस्तू आहे," ते म्हणाले. "आनंदाच्या कामाला तिला बोलावू नये."

त्या दिवसापासून मी कांद्याची नोंद विनातक्रार करू लागलो. लातूरकरांना कारण सांगितलं नाही, कारण हवालदारांनी तशी परवानगी दिली नव्हती.

आता त्यांच्या नोकरीचं सांगतो. फ्लॅटपासून पंधरा मिनिटांवर एका कुवेती गृहस्थाचं घर होतं आणि हवालदार त्यांच्या दिवाणियात चहा-कॉफी करत. दिवाणिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषमंडळींची बैठकीची खोली. भिंतीलगत गाद्या, संध्याकाळी नातेवाईक आणि दोस्त येणार, चहावर चहा होणार, देशाचे आणि घरचे सगळे प्रश्न तिथे सुटणार. मालक, म्हणजे हवालदारांचा व्हिसा ज्यांच्या नावावर होता ते कफील, कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे, गुडघेदुखीनं बेजार. त्यांचे गुडघेही माझ्याच मशीनखालून गेलेले असल्यामुळे मला त्या घरात चहाचा हक्क होता.

हिवाळ्यात हे लोक वाळवंटात शिकारीला जात आणि परतताना दिवाणियात येत. बंदुका गादीला टेकवून ठेवत, घरातली पोरं मधूनच धावत जात. हवालदारांनी पहिला हिवाळा हे बघितलं. दुसऱ्या हिवाळ्यात ते फ्लॅटमधली कोरी वही घेऊन दारात उभे राहिले. आधी सगळे हसले. इंडियातून आलेला चहावाला आपल्या बंदुकीला पावती देतो, याची त्यांना भलतीच मौज वाटली. पण चपला जशा दाराबाहेर काढायच्या, तशी बंदूक दारात द्यायची सवय लागायला फार दिवस लागले नाहीत. शेजारच्या खोलीत एक लोखंडी कपाट आलं, त्याची एकुलती एक चावी हवालदारांच्या कनवटीला गेली. जमा करताना परवान्याची झेरॉक्स, नेताना कारण. कारणात 'शिकार' चाले, 'दुरुस्ती' चाले. एका तरुणानं 'फोटो काढायला' असं लिहिलं, तर त्याला कपाट उघडून उभ्या उभ्या फोटो काढू दिला आणि कपाट बंद केलं.

पेच होता तो मालकांच्या थोरल्या भावाच्या रायफलीचा. थोरले भाऊ भारदस्त, मोठ्या आवाजाचे, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या रायफलीला परवाना नव्हता. परवाना येतोय, असं ते सांगत, आणि दोन हिवाळे तो येतच होता. हवालदारांनी ती जमा करून घेतली, लाल शाईनं 'परवाना येणे बाकी' असं लिहिलं आणि नियम सांगितला : बिनपरवान्याचं हत्यार आत येऊ शकतं, बाहेर जाऊ शकत नाही. थोरल्यांना तेव्हा हा विनोद वाटला. मालकांना तो विनोद वाटला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. थोरल्या भावाला 'नाही' म्हणणं त्यांना या जन्मात शक्य नव्हतं. पोलीस ठाणं घरापासून दहा मिनिटांवर होतं, पण सख्ख्या भावाचं नाव घेऊन तिथे कोण जाणार? त्यापेक्षा चहावाल्यानं 'नाही' म्हणणं सोयीचं होतं.

मग मालकांच्या मुलाचं लग्न निघालं. घराशेजारच्या मोकळ्या जागेवर मोठा तंबू घातला आणि लग्नानंतरच्या दुपारी जेवण ठेवलं. आम्हा फ्लॅटवाल्यांनाही आमंत्रण होतं. खाली अंथरलेल्या प्लास्टिकवर भात-मटणाच्या परडीएवढ्या पराती, प्रत्येक परातीभोवती सहा-सात जण. मालकांची सहा वर्षांची नात आजोबांच्या परातीला बसली होती. मुलगी लहान, म्हणून पुरुषांत तिला मुभा. हवालदारांवर तिचा फार जीव. ते तिला रिकाम्या पेल्याची पावती लिहून देत आणि ती अशा पावत्या दप्तरात जपून ठेवी.

जेवण अर्ध्यावर आलं असताना थोरले भाऊ उठले. पुतण्याचं लग्न आहे आणि तंबूवर एक बार निघू नये, हे त्यांना शोभेना. त्यांनी हवालदारांना हाक मारून चावी मागितली.

हवालदारांनी वही आणली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, मालकांच्या नावावर, घरी धाकटी मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. एक चावी दिली तर सगळं जागच्या जागी राहणार होतं. मी डोळ्यांनी खुणावत होतो, देऊन टाका. ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी आधी परवाना मागितला. येतोय, थोरले म्हणाले. मग त्यांनी कारण विचारलं. थोरल्यांनी हात पसरून सगळा तंबू दाखवला आणि मोठ्यानं सांगितलं की कारण खुशी आहे, ह्या वेड्याला दिसत नाही का. लोक हसले.

त्यानंतर हवालदारांनी जी चूक केली, ती आमच्या बाजूचा माणूसच करू शकतो. त्यांना सांगायचं होतं ते सोपं होतं : माझ्याकडेही बंदूक आहे, माझ्या परवान्यावर रानडुकरासाठी असं लिहिलंय, मी डुक्कर असल्याशिवाय ती उचलत नाही, इथे तुम्हाला कशापासून संरक्षण पाहिजे? त्यांच्या गावात डुक्कर ही रोजच्या बोलण्यातली पीडा, पावसासारखी. त्यांची अरबी मात्र चहा आणि साखरेपुरती. ऐन वेळी त्यातला एवढाच भाग बाहेर पडला :

"वेन खिंजीर?"

म्हणजे, डुक्कर कुठे आहे? आणि हे विचारताना त्यांनी हात फिरवला, तो जेवायला बसलेल्या सगळ्या पाहुण्यांवरून.

परातीतले हात जागच्या जागी थांबले. नंतर थोरल्यांचा आवाज चढला तो उतरेना. घरच्या लग्नात, घरच्या मिठाला जागायचं सोडून, ह्या माणसानं आम्हाला डुक्कर म्हटलं. मी आणि लातूरकर उठून हिंदीत समजवायला लागलो की तिकडे शेतात असं असतं, परवान्यावर तसं लिहिलेलं असतं. पण डुक्कर हा विषय जितका समजावून सांगावा तितका चिघळतो. मालक पांढरे पडले. थोरल्यांनी हवालदारांच्या दंडाला धरून त्यांना तंबूच्या तोंडाशी नेलं. ते लंगडत गेले, वही छातीशी. ते बघून नात रडत उठली आणि पराती ओलांडत त्यांच्यामागे धावली.

तेवढ्यात भातावर काहीतरी आपटलं. आवाज मोठा नव्हता, चमचा पडावा तेवढा. तंबूच्या छताला एक बारीक भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाची तिरीप खाली आली होती. दूर कुठेतरी फटाके वाजल्यासारखं मगाचपासून चालू होतं, ते आता सगळ्यांना ऐकू आलं. कुठलं तरी दुसरं लग्न, कुणाचा तरी मुलगा पास झाला असेल. ती गोळी कुणाच्या तरी आनंदाची होती. मालकांच्या परातीत, नात बसली होती त्या कडेला, शितं उडाली होती आणि परातीचा पत्रा आत गेला होता. आकाशातून पडणारी गोळी काय करते ते मी पडद्यावर पाहिलेलं आहे. जलीबमध्ये गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या खांद्यात ती कुठवर गेली होती, ते मला अजून आठवतं. त्या मुलीची मान त्या खांद्याहून कितीतरी बारीक होती.

सगळ्यात आधी हवालदार परत आले. कमरेला नात बिलगलेली. त्यांनी वाकून कागदाच्या रुमालात ती गोळी उचलली, वही मांडीवर घेतली आणि जमा करून घेतली. मी शेजारी उभा राहून वाचलं. हत्यार : गोळी, एक. मालक : माहीत नाही. परवाना : माहीत नाही. कारणाच्या रकान्यात त्यांचं पेन थोडं थांबलं, आणि मग त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : आनंद.

एवढं झाल्यावर थोरल्यांना तरी काही वाटलं असेल, असं मला वाटलं होतं. त्यांना वाटलंही. त्यांना वाटलं की बघा, सगळ्या जगाकडे बंदुका आहेत आणि आपण मात्र हात बांधून बसलो. पोलिसांना बोलवायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलं, कारण पोलीस आले तर कपाट बघतील. आणि डुकराची गोष्ट डुकराच्या जागी राहिली. त्या माणसाला घरात ठेवायचं नाही, हा थोरल्यांचा शब्द. तो मोडणं मालकांच्या हातात नव्हतं. आठवड्याच्या आत इकामा रद्द झाला आणि तिकीट आलं.

निघण्याच्या दिवशी हवालदारांनी फ्लॅटची पेटी आणि वही लातूरकरांच्या ताब्यात दिली. मला वाटलं होतं, लातूरकर पहिल्यांदा ती वही कचऱ्यात टाकतील. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, सही केली आणि तोंड फिरवून आत गेले.

दुपारच्या विमानाला सोडायला मालक स्वतः गाडी घेऊन आले. मी सामानाला मदत म्हणून बरोबर होतो. लोखंडी कपाटात आता फक्त थोरल्यांची रायफल उरली होती. विमानतळाच्या दारात हवालदारांनी त्या कपाटाची चावी कनवटीतून काढून मालकांपुढे धरली आणि परत दिल्याची सही मागितली. मालकांनी आजूबाजूला बघितलं. मग त्यांनी हवालदारांची मूठ आपल्या हातानं मिटली.

"चाबी तुम्हारे पास रहेगा," ते म्हणाले. "मैं लेना भूल गया."

हवालदारांनी बॅग खाली ठेवली, खिशातून पावतीपुस्तक काढलं, भिंतीला टेकवून चावीची पावती लिहिली, फाडून मालकांना दिली आणि ते आत गेले. मालक गाडीत बसल्यावर रडले. गुडघे दुखतात, असं मला म्हणाले.

पुढच्या वर्षी रजेवर गेलो तेव्हा मी खाडीपलीकडच्या त्यांच्या गावी गेलो. डुकरांनी मळा अगदी नांगरटीला आणला होता. हवालदार बांधावर बसून डबा वाजवत होते आणि नव्यानं फार्मसिस्ट झालेली मुलगी त्यांना घरात या म्हणून हाका मारत होती. बंदूक कुठे, हे मी विचारलं नाही. गावात पोस्टर लागलेली दिसत होती. घरात खुंटीवर, जिथे ती असायला हवी, तिथे चौकटीत घातलेली ठाण्याची पावती टांगलेली होती. तिच्याच खिळ्याला एक छोटी चावी अडकवली होती. जेवताना त्यांनी एकदाच विचारलं, "तिकडची पोर कशी आहे?" मला नीट सांगता आलं नाही आणि त्याची मला लाज वाटली.

म्हणून कुवेतला परतल्यावर आमसुलं आणि सुकं म्हावरं द्यायच्या निमित्तानं मी आधी दिवाणियात गेलो. कपाट तसंच बंद होतं. नवा चहावाला दारात वही घेऊन उभा होता. बाकीच्यांच्या बंदुकांसाठी शेजारी दुसरं कपाट आलं होतं. पहिलं तोडायला कुठल्याही लोहाराला पाच मिनिटं लागली असती. पण कुलूप चांगलं आहे, चावी इंडियात आहे, माणूस पावती देऊन गेलाय, असं मालक सगळ्यांना हात जोडून सांगत आणि खिशातून पावती काढून दाखवत. मराठीतली पावती कुणाला वाचता येत नव्हती, त्यामुळे तिच्यापुढे कुणाचं काही चालत नव्हतं.

थोरले भाऊ त्या कपाटाच्या खोलीच्या दाराशीच लोडाला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी हिंदीत विचारलं, तो तुझ्या गावचा माणूस चावी घेऊन कधी येणार. मी सांगितलं, तिकडे निवडणुका आहेत, संपल्या की येईल. कधी संपतील, त्यांनी विचारलं. मी मालकांकडे बघितलं. ते चहात साखर ढवळत होते, साखर कधीच विरघळली होती.

मी म्हणालो, आमच्याकडे त्या सांगून संपत नाहीत. थोरल्यांनी मान हलवली आणि शेजारच्याला सांगितलं की इंडिया फार मोठा देश आहे.

निघताना नात अंगणात दिसली. पुढचे दोन दात पडलेले, दप्तर पाठीला. मी तिचा फोटो काढला आणि तिथूनच हवालदारांना पाठवला. रिग्गईचा सिग्नल ओलांडेपर्यंत उत्तर आलं होतं :

सदर मुलगी सुखरूप पाहिली. नोंद घेतली. चावी जमा आहे.